कानांची पूर्ण तपासणी: तिथे काय होतं आणि आपण काय सांगायचं



आपल्या वयाच्या मंडळींकडून मी एक वाक्य नेहमी ऐकते, "मला ऐकू येतं गं, पण समोरचा काय बोलला ते कळत नाही." कोणी हे बँकेतल्या बाईबद्दल सांगतं, कोणी सुनेबद्दल, आणि बहुतेक जण नातवंडांबद्दल. नातवंडं हिब्रू बोलतात, तीही भरभर, आणि बोलताना तोंड मोबाइलकडे असतं. मग आपण नुसती मान हलवतो, हसतो आणि विषय संपवतो. घरच्यांना वाटतं, आजी आता विसरायला लागली. आजीला वाटतं, आपली हिब्रू कच्ची. कान बरोबर आहेत का, हे मात्र कोणी बघत नाही.

हे बघण्यासाठी कानांची पूर्ण तपासणी असते. इथे तिला बदिकत श्मिया म्हणतात. त्यात सुई नाही, रक्त नाही, दुखणं नाही. अर्धा ते एक तास लागतो. तरीही आपले लोक टाळतात, कारण आत काय होणार ते माहीत नसतं आणि हिब्रूत उत्तरं द्यायची धास्ती असते. मी नर्स होते, म्हणून तोर घेण्यापासून कागद हातात पडेपर्यंत सगळं क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या तपासणीचा एक भाग हिब्रू शब्दांवर चालतो. आपली मातृभाषा मराठी आहे हे आपण तिथे बोललो नाही, तर कानाचा दोष किती आणि भाषेची अडचण किती, हे वेगळं करता येत नाही. म्हणून ते सांगायचंच.

तोर घेण्याआधी

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कान दाखवा. उतारवयात कानातला मळ कोरडा आणि कडक होतो, आणि कधी कधी पूर्ण कान बंद करतो. मळ असताना तपासणी केली तर निकाल चुकीचा येतो किंवा तिथूनच परत पाठवतात. काडी, केसांची पिन, चावी, कापूस लावलेली काडी यातलं काहीही कानात घालू नका. त्याने मळ आणखी आत जातो. आपल्याकडे लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायची जुनी सवय आहे. पडद्याला भोक असेल तर ते तेल आत जाऊन त्रास देतं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेले थेंबच घाला, आणि मळ त्यांच्याकडूनच काढून घ्या.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, म्हणजे रोफे अफ-ओझेन-गारोनकडे जायचं, आणि श्रवण तपासणीचा तोर घ्यायचा. ही तपासणी क्लिनाइत तिक्शोरेत करते. १९९५ सालापासून राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कायद्याने आपण सगळे क्लालित, मक्काबी, मेउहेदेत आणि लेउमित या चारपैकी एका कुपत होलिमचे सभासद आहोत. प्रत्येकीची पद्धत थोडी वेगळी असते. म्हणून तोर घेतानाच दोन प्रश्न विचारा: मला हफनाया लागेल का? आणि हितखायवुत लागेल का? त्याच दिवशी खिडकीवर कळलं की एक कागद कमी आहे, तर महिना वाया जातो.

तोरची वाट बघायची नाही असे प्रसंग

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, सकाळी उठल्यावर किंवा एक-दोन दिवसांत, तर ते "सर्दीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा किंवा मियूनला जा. यावर औषध असतं, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि ऐकू न येण्याबरोबर तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, हात किंवा पाय लुळा पडणं असं काही असेल तर लगेच १०१ ला फोन करा. तो मेंदूचा झटका असू शकतो.

बरोबर काय न्यायचं

रोजच्या सगळ्या औषधांची यादी न्या. काही औषधं कानावर परिणाम करतात: कॅन्सरवरची काही औषधं, जंतुसंसर्गावरची काही इंजेक्शनं, लघवी होण्यासाठी दिलेली काही औषधं, जास्त प्रमाणात घेतलेली ॲस्पिरिन. यादी वाचून कोणतंही औषध स्वतः बंद मात्र करू नका. ती यादी तपासणाऱ्यांनी बघायची असते.

आधी कधी तपासणी झाली असेल तर तो जुना कागद न्या. दोन कागद शेजारी ठेवले की किती फरक पडला ते लगेच दिसतं. कानाचं यंत्र असेल तर तेही न्या, घरी कपाटात असलं तरी.

आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून लांब राहा. मेहंदीच्या कार्यक्रमात डीजेच्या स्पीकरजवळ बसून आलात, तर दुसऱ्या दिवशी कान थोडे सुन्न असतात आणि तपासणी वाईट येते. सर्दी-खोकला जोरात असेल तर तोर पुढे ढकला.

सोबतीला कोणीतरी न्या, शक्यतो ज्यांच्याशी रोज बोलता असं माणूस. पण त्यांना घरूनच सांगून ठेवा, "मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देईन." मुलगा किंवा मुलगी सगळी उत्तरं देऊन टाकते आणि पेशंट नुसता बसून राहतो, हे मी फार बघितलंय. मुलाला काय माहीत, तुमच्या कानात रात्री शीळ वाजते का ते?

सुरुवातीला विचारपूस

आधी प्रश्न असतात. कधीपासून कमी ऐकू येतं? दोन्ही कानांनी की एकाच? कानात गुणगुण, शीळ, घंटा असे आवाज येतात का? चक्कर येते का? लहानपणी कान वाहत होता का? घरात आणखी कोणाला आहे का? मोठ्या आवाजात काम केलंय का?

या शेवटच्या प्रश्नाला आपले बरेच लोक "नाही" म्हणतात. मग गप्पांत निघतं की आधी मुंबईच्या गिरणीत काम केलं, आणि इथे आल्यावर दिमोनाच्या कापड कारखान्यात किंवा लोदजवळच्या विमान कारखान्यात वीस-तीस वर्षं गेली. यंत्रांचा खडखडाट म्हणजेच मोठा आवाज. सैन्यातल्या बंदुकाही त्यात आल्या. हे सगळं सांगा. कामावरच्या आवाजाने कान गेले असतील तर बितुआख लेउमीकडे दावा करता येतो, पण त्याच्या अटी आणि मुदती कडक आहेत, म्हणून ही गोष्ट कागदावर वेळेत नोंदलेली बरी.

तपासणी कशी होते

आधी छोट्या दिव्याच्या नळीने कानात बघतात. मग कानात एक मऊ रबरी बोंडी बसवतात आणि थोडा हवेचा दाब देतात. विमान उतरताना कान दडपतो तसं काही सेकंद वाटतं. यंत्र पडद्याची हालचाल मोजतं. पडद्यामागे पाणी साचलंय का, पडदा ताठ झालाय का, ते यातून कळतं. इथे तुम्ही काही बोलायचं नाही, गिळायचं नाही, स्वस्थ बसायचं. त्याच बोंडीतून कधी मोठा आवाज सोडतात, कानातला लहानसा स्नायू आखडतो का ते बघायला.

नंतर तुम्हाला एका लहान खोलीत बसवतात. भिंती जाड, दार जड, बाहेरचा आवाज येत नाही. एका बाजूला काच असते, पलीकडे तपासणारी बाई दिसते. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, हवं तेव्हा थांबता येतं. कानांवर हेडफोन लावतात किंवा कानात छोटे तुकडे बसवतात, आणि हातात एक बटण देतात.

आता "पी...प" असे आवाज येतात, काही जाड, काही बारीक. ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज लहान होत होत अगदी पुसट होतात. इथेच लोक घाबरतात, "मला काहीच येत नाही, मी नापास." असं नसतं. ऐकू येईनासं होईपर्यंत आवाज कमी करायचा, हीच या तपासणीची पद्धत आहे. ज्याचे कान उत्तम आहेत त्यालाही अर्ध्या वेळा ऐकू येत नाही. पुसट आला, खात्री नाही, तरी दाबा. पण आलाच नाही तर अंदाजाने दाबू नका, आणि काचेतून बाईच्या हाताकडे बघून तर मुळीच नाही.

मग कानामागच्या हाडावर एक लहान तुकडा पट्ट्याने बसवतात. यातून आवाज हाडावाटे थेट आतल्या कानात जातो. हेडफोनने कमी आणि हाडावाटे चांगलं ऐकू आलं, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात, म्हणजे मळ, पडदा, लहान हाडं यांत आहे. दोन्हीकडून सारखंच कमी आलं तर अडचण आतल्या कानात किंवा नसेत आहे. वयामुळे येणारी अडचण बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असते. या वेळी दुसऱ्या कानात शॉवरच्या पाण्यासारखा सळसळ आवाज सोडतील. तो तुमच्या चांगल्या कानाला गुंतवून ठेवण्यासाठी आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, फक्त "पी...प" ऐका.

इथपर्यंत भाषेचा काही संबंध नाही. "पी...प" मराठीतही तोच आणि हिब्रूतही तोच.

हिब्रू शब्दांचा भाग

आता शब्द येतात. बाई स्वतः बोलते, तोंड झाकून, किंवा रेकॉर्ड लावते. एकेक हिब्रू शब्द येतो आणि तो जसा ऐकू आला तसा आपण परत म्हणायचा. आधी किती लहान आवाजातला शब्द कळतो ते बघतात. मग आरामात ऐकू येईल अशा आवाजात शब्दांची यादी म्हणतात आणि किती टक्के बरोबर आले ते लिहितात. काही ठिकाणी मागे गोंगाट लावूनही घेतात.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: अर्थ कळायलाच हवा असं नाही. अनोळखी शब्द असला तरी जे ऐकू आलं ते म्हणा. अर्धाच आला तर अर्धा म्हणा. गप्प बसलात तर काहीच ऐकू आलं नाही असं धरतात.

दुसरी: आपण चाळिशीत इथे आलो असू, तर ओळखीचा शब्द अर्धवट ऐकूनही ओळखायची जी सोय मातृभाषेत असते, ती हिब्रूत आपल्याला तेवढी नसते. आपला उच्चारही वेगळा पडतो आणि बरोबर म्हटलेला शब्द चूक धरला जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीलाच सांगा: "सफत हाएम शेली मराठित." माझी मातृभाषा मराठी. आणि विचारा की आकडे किंवा रोजच्या वापरातले सोपे शब्द घेता येतील का. मराठी शब्दांची यादी तिथे असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण ही माहिती मिळाली की तपासणारी बाई निकाल त्या नजरेने बघते.

तिसरी: आवाज आला पण शब्द कळला नाही, तर तेच सांगा. "शामाति, अवाल लो हेवान्ति." ऐकलं, पण कळलं नाही. हे पुरुषाने म्हटलं काय आणि बाईने म्हटलं काय, सारखंच आहे. हे एक वाक्य नुसत्या मान हलवण्यापेक्षा डॉक्टरला फार जास्त सांगतं.

हे मी एवढं का सांगते? नोकरीत असताना आमच्या वॉर्डात आपल्याच समाजातल्या एक मावशी दाखल झाल्या होत्या. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी हिब्रूत विचारलं, आज वार कोणता, हे शहर कोणतं. मावशींनी सांगितलं, हो, जेवण झालं. कागदावर "गोंधळलेल्या" असं लिहिलं गेलं. मी नंतर त्यांच्या कानाशी जाऊन सावकाश मराठीत विचारलं. त्यांनी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि शब्बाथला अजून दोन दिवस आहेत हेही सांगितलं. त्यांचे दोन्ही कान मळाने बंद होते. डोक्यात गोंधळ काही नव्हता.

याची दुसरी बाजूही खरी आहे. कमी ऐकू येणं वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर माणूस एकटा पडतो, बोलणं कमी होतं. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर काही उपाय करता येतात, त्यांच्या यादीत लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीने २०२० आणि २०२४ साली कमी ऐकू येणं धरलेलं आहे. यंत्र लावलं म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच नाही असं कोणी म्हणत नाही. पण कानाकडे दुर्लक्ष करायचं नाही एवढं नक्की.

कागद कसा वाचायचा

निकालाच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. आडव्या रेघेवर डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या रेघेवर आवाज किती मोठा करावा लागला ते डेसिबलमध्ये असतं. खुणा जितक्या खाली, तितकं कमी ऐकू येतं.

डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. "मला ४० आले, म्हणजे ४० टक्के बहिरा" असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे चांगल्या कानाची सरासरी २० च्या आत असेल तर ऐकणं ठीक. २० ते ३५ सौम्य दोष, ३५ ते ५० मध्यम, आणि त्याच्या पुढे जास्त. साधं बोलणं सुमारे ६० डेसिबलचं असतं, कुजबूज ३० च्या आसपास.

आपल्या वयात रेघ बहुतेक वेळा डावीकडे बरी असते आणि उजवीकडे खाली उतरते. म्हणजे जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. आ, ओ, ऊ हे स्वर जाड, पण स, श, फ, त हे बारीक. स गेला की "साठ" चं "आठ" होतं. हिब्रूत शिशिम म्हणजे साठ आणि शिव्हिम म्हणजे सत्तर. दुकानदार शिशिम म्हणाला की शिव्हिम, हे कळत नाही, आणि आपण नोट पुढे करतो. "ऐकू येतं पण कळत नाही" ते यामुळेच.

दोन कानांत बराच फरक असेल तर डॉक्टर आणखी तपासण्या सांगतात, कधी एमआरआयही. त्याने घाबरू नका, पण टाळूही नका.

निघताना कागदाची प्रत मागा: "एफशार लेकाबेल हेएतेक?" आणि विचारा: माझी अडचण कोणत्या प्रकारची आहे? औषधाने बरी होण्यासारखी आहे का? यंत्राचा उपयोग होईल का? पुन्हा कधी यायचं?

यंत्र सांगितलं तर

त्याच दिवशी विकत घ्यायची घाई करू नका. कुपत होलिम काही रक्कम देते, पण त्याला अटी असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कुपतला विचारा. पुरवणी विमा असेल तर त्याचंही विचारा. घरी नेऊन वापरून बघायला किती दिवस मिळतील, परत केलं तर पैसे मिळतील का, हेही विचारून लिहून घ्या. बोटं थरथरत असतील तर फार बारीक यंत्र घेऊ नका. चार्जिंगचं की बॅटरीचं, ते दुकानात स्वतः हाताळून बघा.

पहिले काही दिवस फ्रीजची घरघर, भांड्यांचा आवाज, स्वतःचा आवाजही नकोसा वाटतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. रोज थोडा वेळ वाढवत जा, आणि आवाज जुळवून घेण्यासाठी परत जा. एकदा लावून ड्रॉवरमध्ये टाकलं तर पैसे गेले आणि कानही राहिले तसेच.

शब्बाथचं बरेच जण विचारतात. शब्बाथ लागण्याआधी चालू करून ठेवलेलं यंत्र घालायला बहुतेक रब्बी परवानगी देतात. तरी आपल्या रब्बींना एकदा विचारून घ्या. बॅटरी मात्र शुक्रवारी दुपारीच बघून ठेवा. सिनेगॉगमध्ये हझ्झानच्या जवळची, भिंतीला पाठ लागेल अशी जागा घ्या. तेफिला जास्त स्पष्ट ऐकू येते.

मदत हवी असेल तर बेकोल ही इस्रायलमधल्या कमी ऐकू येणाऱ्या लोकांचीच संस्था आहे. त्यांच्याकडे विचारपूस करता येते.

मुला-नातवंडांसाठी एक निरोप, हा लेख त्यांना वाचून दाखवा. आजी-आजोबांशी बोलताना ओरडू नका. ओरडल्याने शब्द फाटतात, कळत काहीच नाही. टीव्ही बंद करा, समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" असं म्हणू नका. त्या एका वाक्याने म्हातारं माणूस विचारायचं सोडून देतं.

आणि आपण सगळ्यांनी: न कळता मान हलवायची सवय सोडू या. या आठवड्यात डॉक्टरांना फोन करून कान दाखवायचा तोर घ्या.